गवसणी

दिवाळीनंतर माझा तंबोरा बोलेनासा झाला. खर्जाची पितळी तार छेडली की नुसता ठोका पडायचा. त्यामागून जो झणकार उठून खोलीभर पसरायचा, तो गेला होता. घोडीवर तारांनी चऱ्या पाडल्या होत्या. जवारी काढायला, म्हणजे घोडी घासून तारेचा झणकार परत आणायला हवा होता, आणि ते काम मी मिरजेखेरीज कुठेही करत नाही. बाबांनी 1983 मध्ये हा तंबोरा तिथल्याच सतारमेकर गल्लीतून घेतला. भोपळा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा, दांडी तूनच्या लाकडाची. ज्यांनी तो घडवला, त्यांचा मुलगा आता दुकानात बसतो. तोही सत्तरीला आलाय आणि सगळे त्याला चाचा म्हणतात. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मला पहिला फोन चाचांचाच आला होता.

तर पुण्याहून रेल्वेनं तंबोरा मांडीशी धरून नेला, ठेवला आणि पंधरा दिवसांनी आणायला गेले. दुपारचे चार वाजले असतील. पायरी चढते तोच चाचा म्हणाले, "ताई, तुमची वाट बघालेत एक साहेब. अकरापासनं बसलेत."

आत बाकावर एक पांढऱ्या केसांचा माणूस बसला होता. मांडीवर माझी गवसणी, तंबोऱ्याची कापडी खोळ, घडी घातलेली. त्याच्या अंगठ्याकडे माझं लक्ष गेलं. काठावरच्या एका टाक्यावरून तो अंगठा हळूहळू फिरत होता.

तो उठला आणि म्हणाला, "ओळखलंत का?"

चाळीस वर्षांनी, आणि 'ओळखलंत'! माझ्या तोंडून शब्द फुटेना. मी फक्त मान हलवली.

ही गवसणी त्याच्या आईनं शिवली होती. 1984 चा जुलै. मी सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते, राहायला मिरजेत. गुरुजींकडे जाताना तंबोरा जुन्या चादरीत गुंडाळून न्यायची आणि तो बरोबर चालायचा, छत्री स्वतःच्या डोक्यावर नाही, तंबोऱ्यावर. एकदा त्याच्या दारावरून जाताना काकूंनी ती भिजकी चादर पाहिली. आठ दिवसांत त्यांनी आपली जांभळी इरकली कापून, आत जुन्या धोतराचं अस्तर लावून गवसणी करून दिली. माप घ्यायला तंबोरा मागितला नव्हता. नुसत्या नजरेनं बेतली आणि अशी बसली की आजवर कुठे ओढली गेली नाही.

तो गाणारा नव्हता. पण कान असा की जोडीच्या तारा केसभर हलल्या तरी मान वर करायचा. रियाजाला मागे बसायचा आणि गुरुजींनी म्हणायच्या आधी तार सुरात आणणारा मणी सरकवायचा. उरुसात मीरासाहेब दर्ग्यात चिंचेच्या झाडाखाली रात्रभर गाणं चालायचं, खाँसाहेब अब्दुल करीम खाँच्या स्मरणाचं. मी आईबरोबर बायकांत बसलेली, तो पलीकडे भिंतीला टेकून. भैरवी सुरू झाली की आम्ही एकमेकांकडे बघायचो. आमचं प्रेम म्हणजे एवढंच, आणि मला ते पुष्कळ होतं.

पुढे त्याचे वडील गेले. मागे तीन बहिणी लग्नाच्या. त्याला भिलाईला पोलाद कारखान्यात नोकरी लागली. मला पुण्याचं स्थळ आलं तेव्हा मी त्याला पत्र लिहून विचारलं. उत्तरात दोनच ओळी होत्या: 'तू हो म्हण. मला अजून दहा वर्षं लागतील.' मला त्या दोन ओळींचा फार राग आला होता. आज वाटतं, चोवीस वर्षांच्या मुलाला ते लिहिताना काय झालं असेल.

माझा संसार चांगला झाला, हे मला इथे स्वच्छ लिहायचं आहे. ह्यांनी माझं गाणं कधी बंद पडू दिलं नाही. मुलगी तापानं फणफणलेली असताना तिला स्वतः मांडीवर घेऊन मला कार्यक्रमाला पाठवणारा माणूस होता तो. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. एकदा त्यांनी हौसेनं मखमली गवसणी आणली होती. मी म्हटलं, "राहू दे, हीच टिकाऊ आहे." ती मखमल अजून कपाटात आहे. आपण काय जपतोय हे मी स्वतःला कधी विचारलं नव्हतं. त्या दुपारी त्या अंगठ्याखाली तो टाका पाहिला, तेव्हा कळलं.

तो निवृत्त होऊन मिरजेत परत आलाय. पत्नी नऊ वर्षांपूर्वी गेली. त्या दिवशी भाचीच्या सतारीच्या तारा घ्यायला आला होता आणि खुंटीला टांगलेली गवसणी दिसली. "आईचा हात लगेच ओळखला," म्हणाला. "ती टाका उलटा घालायची, डावखुरी ना." काकू गेल्या त्यालाही बरीच वर्षं झाली.

चाचांनी तंबोरा पुढे ठेवला. मी लावायला घेतला. माझी पट्टी काळी चार. पंचम लागला, जोडी लागली, खर्ज काही केल्या बसेना, हात थरथरत होते. त्यानं काही न विचारता पुढे वाकून खर्जाचा मणी तांदळाच्या दाण्याएवढा वर घोडीकडे सरकवला, जवारीचा दोरा जरासा हलवला, आणि तंबोरा बोलला. चाचा हातातली कानस खाली ठेवून ऐकत राहिले. मी डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा तो म्हणत होता, "तू अजून खर्ज चढाच लावतेस."

'तू' म्हणाला.

रात्री लेकीला फोनवर सगळं सांगितलं. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आई, ते पुण्याला आले तर त्यांना जेवायलाच बोलव. नुसत्या चहावर पाठवू नकोस."

गेल्या गुरुवारी तो आला. पिशवीत नरसोबाच्या वाडीची कवठाची बर्फी होती. मला आवडायची हे त्याच्या लक्षात होतं. आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेलं एक कापड. उलगडलं तर त्याच जांभळ्या इरकलीचा लाल-पांढरा टोपपदर. गवसणी बेतताना काकूंनी तो कापला नव्हता, ट्रंकेत ठेवून दिला होता. गवसणी तळाशी, भोपळ्याचा भार येतो तिथे, विरलीय. चाचांच्या दुकानात त्यानं ते पाहिलं होतं.

जेवणं झाल्यावर आम्ही खिडकीपाशी बसलो. मी पदराचा तुकडा मापानं कापला. मला हल्ली सुईचं नाक दिसत नाही. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला, दोरा ओठांत ओला केला, दोनदा चुकला, तिसऱ्यांदा ओवला आणि सुई माझ्या हातात दिली.

टाके मी उलटेच घातले.