तालाविना 40 मिनिटं: विश्रांतीचं संगीत ध्वनिमुद्रित करतानाचा माझा अनुभव

दोन तानपुरे, एक बासरी, एक स्वरमंडल (बोटांनी छेडायचं बहुतारी वाद्य). तबला नाही, ताल नाही, सिंथेसायझर नाही. ऐकणाऱ्याचा श्वास संथ व्हावा, एवढ्यासाठी 40 मिनिटांचा भूप राग. काम सोपं वाटतं, पण अशा संगीतात चूक झाकायला काहीच नसतं. तबल्याच्या ठेक्याखाली लपणारी बेसूर तार इथे पूर्ण 40 मिनिटं ऐकू येते.

पहिला निर्णय पट्टीचा, म्हणजे षड्ज (सा) कुठे धरायचा याचा. आमची बासरी पांढरी तीनची (हार्मोनियमच्या सप्तकातली तिसरी पांढरी पट्टी), म्हणून षड्ज तोच धरला. पुरुषी तानपुरा साधारण काळी एक ते काळी दोनपर्यंत सुखाने बोलतो. पांढरी तीनला त्याच जाड तारा ताणल्या की आवाज कोरडा होतो आणि जोडीची (षड्जाच्या दोन मधल्या तारांपैकी) तार तुटते. आम्ही तिन्ही पोलादी तारा एक नंबर बारीक घातल्या, खरजाला (सर्वांत खालच्या षड्जाला) पितळी तारही थोडी बारीक. तारा बदलल्या की जवारी (तारा ज्या घोडीवर टेकतात तिथून उठणारा झंकार) पुन्हा बघावी लागते, हे विसरू नका. मिरजेच्या कारागिराकडून घोडी घासून घेतली. (मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ते हात त्याआधीही तितकेच भरवशाचे होते.) नव्या तारा चढवल्यावर दोन दिवस तरी बसू द्याव्यात, नाहीतर दर पाच मिनिटांनी उतरतात. खुंटी घसरत असेल तर खडू लावायचा.

आता खरा मुद्दा: गंधार. तानपुरा नीट लागला आणि जिवाचा दोरा (घोडीवर तारेखाली सरकवलेला धागा) बरोबर जागी बसला की खरजातून स्वयंभू गंधार आपोआप बोलतो. पांढरी तीनचा खरज 82.4 हर्ट्झ, त्याची पाचपट म्हणजे 412. मोबाइलवरचा ट्यूनर मात्र तोच गंधार 415.3 दाखवतो, कारण तो हार्मोनियमसारखी सप्तकाची बारा समान भागांत वाटणी धरतो. स्वरमंडल ट्यूनरवर लावलं तर दोन गंधार एकमेकांवर आपटतात आणि सेकंदाला तीनेक हेलकावे ऐकू येतात. मैफलीत ते खपून जातं. डोळे मिटून पडलेल्या माणसाला मात्र काहीतरी खुपत राहतं, काय ते सांगता येत नाही. म्हणून ट्यूनर फक्त षड्जापुरता वापरायचा. पुढे पंचम षड्जावरून, रिषभ पंचमावरून, गंधार तानपुऱ्यातून ऐकून आणि धैवत गंधाराशी षड्ज-मध्यम भावाने (सा ते म एवढ्या अंतराने), असा क्रम. वीस तारा लावायला पाऊण तास लागतो आणि तो द्यावाच लागतो.

दोन तानपुरे एकाच वेगाने छेडू नयेत. एक आवर्तन साधारण पाच सेकंदांचं, दुसरं किंचित संथ, म्हणजे आपसूक ताल बनत नाही. पंचमाची तार मधल्या बोटाने, बाकीच्या तर्जनीने, नख न लावता, तारेच्या मध्याच्या आसपास. दोन मिनिटांचा तुकडा घेऊन तो पुन्हापुन्हा चिकटवण्याचा मोह आम्हालाही झाला होता. पण कान तिसऱ्या फेरीत ती पुनरावृत्ती ओळखतो आणि तिची वाट पाहू लागतो. विश्रांती तिथेच संपते. तानपुरा पूर्ण वेळ वाजवायचा, याला पर्याय नाही.

खोली रात्री अकरानंतरची. पंखा, फ्रीज, एसी बंद, लॅपटॉप बॅटरीवर. विजेची गुणगुण 50 हर्ट्झची, तिची दुप्पट 100. ती नेमकी आपल्या खरजाच्या आणि मंद्र पंचमाच्या मधे पडते, मागाहून स्वच्छ काढता येत नाही. दोन भिंतींवर गोधड्या टांगल्या, खाली सतरंजी. रेकॉर्डरवरचा लो कट (खालचे आवाज कापणारी सोय) बंद ठेवायचा. तो बहुधा 80 किंवा 100 हर्ट्झचा असतो आणि खरज पातळ करून टाकतो.

पंखा बंद म्हणजे खोली तापते. तासाभरात तीन-चार अंशांनी वाढलेलं तापमान बासरी आणि तारांना उलट दिशेला नेतं. बासरी अंशाला साधारण तीन सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढते, तारा सैलावून उतरतात. शेवटी फरक दहा सेंटच्या पुढे जातो, आणि बासरीवाला फुंक बदलून तो भरून काढू लागला की आवाजातली मोकळीक जाते. म्हणून वीस मिनिटं वाजवायचं, दहा मिनिटं दार उघडायचं, पुन्हा सूर लावायचे. जोड नंतर करता येतो, त्यासाठी दर वेळी रिकाम्या खोलीचा अर्धा मिनिट आवाज टिपून ठेवायचा.

मायक्रोफोन तानपुऱ्याच्या घोडीपासून हातभर, थोडा बाजूला. अगदी जवळ ठेवला तर बोटाचा खरखराट येतो. बासरीसाठी फुंकीच्या रेषेत नको, वरून दोन फुटांवर. 24 बिट, 48 किलोहर्ट्झ, आणि सर्वांत मोठा आवाजही कमाल मर्यादेच्या 12 डेसिबल खाली राहील एवढीच पातळी. सॉफ्टवेअरचं नॉइज रिडक्शन जपून वापरा. जवारीची झिलई त्याला खरखरच वाटते, आणि तीच पहिली कापली जाते.

कॉम्प्रेसर (लहान-मोठ्या आवाजातला फरक कमी करणारं साधन) लावला नाही. बासरीचा स्वर विरत जाणं आणि नंतरची शांतता हाच इथे मजकूर आहे. शेवटची तपासणी मात्र अगदी हळू आवाजात, उशीशेजारी ठेवलेल्या लहान स्पीकरवर केली. कमी आवाजात कानाला खालचे स्वर आधी ऐकू येईनासे होतात, म्हणून तानपुरे दोन डेसिबलनी वाढवले आणि बासरी एकने उतरवली.