मागून बसणारी पिकअप आणि पुढच्या चाकांवरचे वजन

ट्रेलर जोडल्यावर माझी पिकअप मागून बसते, हे मला पहिल्यांदा रात्रीच्या प्रवासात कळले. दिवे खालच्या झोतावर असूनही समोरून येणारी जवळजवळ प्रत्येक गाडी दिव्यांची उघडझाप करून मला खुणावत होती. सकाळी सपाट जागेवर गाडी उभी करून पाहिले, तेव्हा हौद्याचा मागचा भाग चांगलाच खाली गेलेला आणि बॉनेट वर उचललेले दिसले. मागचे पाटे (ॲक्सलवरचे पोलादी पट्ट्यांचे स्प्रिंग) मऊ पडले असावेत, त्यांना काहीतरी आधार दिला की झाले, असा निष्कर्ष मी तिथल्या तिथे काढला. तो निष्कर्ष अपुरा होता आणि तसा तो बहुतेकांचा असतो, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

ट्रेलरची दांडी ज्या बॉलवर टेकते तो बॉल मागच्या ॲक्सलच्या बराच मागे असतो. त्यामुळे दांडीचे वजन मागच्या चाकांवर नुसते ठेवले जात नाही, तर मागचे ॲक्सल टेकू बनून सगळी गाडी तरफेसारखी वागू लागते. माझ्या गाडीच्या दोन ॲक्सलमधील अंतर ३.२ मीटर आहे, बॉल मागच्या ॲक्सलपासून १.२५ मीटर मागे आहे आणि भरलेल्या ट्रेलरच्या दांडीचा भार ३२० किलो भरतो. ३२० ला १.२५ ने गुणून ३.२ ने भागले की १२५ किलो येतात. एवढे वजन पुढच्या चाकांवरून उचलले जाते आणि मागच्या ॲक्सलवर ३२० नव्हे, तर ४४५ किलोची भर पडते. स्टिअरिंग हलके लागणे, ओल्या रस्त्यावर वळणात गाडीचे नाक बाहेर सरकू पाहणे, जोरात ब्रेक दाबल्यावर पुढची चाके पूर्वीसारखी पकड न घेणे, हे सारे त्या हरवलेल्या १२५ किलोंमुळे होते. मागचा भाग खाली दिसतो म्हणून आपले लक्ष तिकडे जाते, पण खरा धोका पुढे असतो.

म्हणून काहीही विकत घेण्यापूर्वी मोजमाप करावे. गाडी सपाट जमिनीवर उभी करून चारही चाकांपाशी, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर ट्रेलर न जोडता घ्यावे आणि मग भरलेला ट्रेलर जोडून पुन्हा घ्यावे. माझी गाडी मागे ९० मिलिमीटर खाली गेली होती आणि पुढे साधारण २० मिलिमीटर वर आली होती. यातला दुसरा आकडा मी तेव्हा वहीत लिहिला, पण त्याचा अर्थ लावला नाही.

मी आधी मागच्या ॲक्सल आणि चासीच्या मध्ये बसणाऱ्या हवेच्या पिशव्या लावून घेतल्या. हवा भरताच मागचा भाग उचलला गेला, गाडी दिसायला सरळ झाली आणि मला समाधान वाटले. महामार्गावर मात्र स्टिअरिंग तितकेच हलके लागत होते. पुन्हा माप घेतले तेव्हा कारण समजले: मागचे अंतर जवळजवळ पूर्ववत झाले होते, पण पुढचा भाग तसाच २० मिलिमीटर वर होता. पिशवीतली हवा गाडी उचलते. दांडीचा भार आणि तरफेची लांबी मात्र तीच राहते, त्यामुळे पुढच्या चाकांवर वजन परत येत नाही.

दरम्यान एका परिचिताने ट्रेलरमधला माल मागे सरकवण्याचा सोपा उपाय सुचवला. दांडी हलकी होईल आणि गाडी बसणार नाही, हे खरेच आहे. तरीही हा उपाय कोणीही करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. बॉलवर जोडल्या जाणाऱ्या ट्रेलरच्या दांडीवर एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार असावा लागतो. त्याहून कमी झाला की वेगात ट्रेलर शेपटीसारखा डावी-उजवीकडे झुलू लागतो आणि ते झुलणे हाताबाहेर गेले तर पिकअपलाही आडवे करते. माझा भरलेला ट्रेलर २,६०० किलोंचा आहे, म्हणजे ३२० किलोंचा भार योग्य मर्यादेतच होता. दांडीचे वजन योग्य असूनही गाडी बसत असेल, तर वजन कमी न करता त्याची वाटणी बदलायला हवी. हौद्यातले सामान मात्र जरूर सरकवावे. जड पेट्या मागच्या फळीपाशी न ठेवता केबिनला टेकवून, मागच्या ॲक्सलच्या पुढे ठेवल्या की तेवढा फरक फुकटात पडतो.

वाटणी बदलणारे साधन म्हणजे वजन विभागणारी हिच (हिच म्हणजे ट्रेलर गाडीला जोडणारा सांधा). तिच्यात दोन मजबूत स्प्रिंग-बार हिचपासून ट्रेलरच्या चौकटीखाली मागे जातात आणि साखळीने किंवा कंसाने वर ताणून अडकवले जातात. हातगाडीचे दांडे उचलले की भार पुढच्या चाकाकडे जातो, तसाच हा ताण पिकअपच्या मागच्या ॲक्सलवरचा भार काढून थोडा पुढच्या ॲक्सलवर आणि थोडा ट्रेलरच्या चाकांवर टाकतो. माझ्या जोडणीत वजनकाट्यावर पुढे ९० किलो परत आले, ट्रेलरच्या ॲक्सलवर ५५ किलो वाढले आणि मागच्या ॲक्सलवरची भर ४४५ वरून ३०० किलोंवर आली. काट्यावर तीन वेळा जावे लागते: एकट्या गाडीने, बार न ताणता ट्रेलर जोडून आणि बार ताणून. हा खटाटोप कंटाळवाणा असला तरी त्याला पर्याय नाही, कारण किती वजन परत आले हे डोळ्यांना दिसत नाही.

बार हवे तितके ताणू नयेत. पुढचा भाग ट्रेलर नसतानाच्या उंचीपेक्षा खाली दाबला गेला, तर मागची चाके गरजेपेक्षा हलकी होतात आणि वळणात मागचा भाग घसरण्याचा धोका निर्माण होतो. पुढे किती भार परत आणायचा याबाबत गाडीच्या पुस्तिकेत जे लिहिले असेल ते प्रमाण मानावे. काही गाड्यांच्या उत्पादकांना अशी हिच मान्यच नसते, हेही तिथेच कळते.

पिशव्या मी काढून टाकल्या नाहीत, पण त्यांचे काम आता दुय्यम आहे. त्यांच्यात आधी किमान दाब ठेवून बार जुळवतो, पुढची उंची मोजतो आणि मग उरलेल्या बसण्यापुरती थोडी हवा भरतो. हवा भरल्यावर बॉल वर उचलला जातो आणि बारांचा ताण सैल पडतो, म्हणून त्यानंतर पुढचे माप पुन्हा घ्यावेच लागते. दोन्ही पिशव्यांना वेगवेगळी नळी असावी, हेही महत्त्वाचे आहे. एकच सामाईक नळी असेल तर वळणात दाबल्या गेलेल्या पिशवीतली हवा दुसऱ्या बाजूला जाते आणि गाडी अधिक कलते.

पिशव्यांच्या दोन तोट्यांविषयी फारसे बोलले जात नाही. पाट्यांचा भार चासीवर दोन टोकांना वाटून पडतो, पण पिशवी तो मधल्या एकाच जागी देते. मागे लांबवर जड दांडी आणि मध्ये ताठ पिशवी अशा स्थितीत खड्ड्यांच्या रस्त्यावर चासी वाकू शकते. दुसरे असे की, काही पिकअपमध्ये मागच्या ब्रेकचा दाब ठरवणारी झडप चासी आणि ॲक्सलमधील अंतरावरून भार ओळखते. पिशवीने मागचा भाग उचलला की ती गाडी रिकामी समजून ऐन ओझ्याच्या वेळी मागचे ब्रेक कमी लावते.

रिकामी असतानाच गाडी मागून खाली दिसत असेल, तर वरचे काहीही करण्याआधी पाटे तपासावेत. कमान सपाट झाली आहे का, एखादा पाटा तडकला आहे का, बुश झिजले आहेत का आणि यू-बोल्ट सैल आहेत का, ते पाहावे. थकलेल्या पाट्यांना नवा संच हाच उपाय आहे. जादा पाटा घातल्याने गाडी बसायची थांबते, पण रिकामी असताना ती हाडे खिळखिळी करते, म्हणून रोज ओझे ओढणाऱ्यालाच तो परवडतो. कधीतरी ट्रेलर ओढणाऱ्याने बंप स्टॉपच्या (ॲक्सल चासीवर आपटू नये म्हणून असलेल्या रबरी ठोकळ्याच्या) जागी बसणारे पोकळ रबरी स्प्रिंग पाहावेत, कारण ते भार आल्यावरच कामाला लागतात. साधे शॉकॲब्सॉर्बर बदलून गाडीची उंची वाढत नाही. ते फक्त उसळी आवरतात.

यांपैकी कोणत्याही उपायाने गाडीची भार वाहण्याची मर्यादा एका किलोनेही वाढत नाही, कारण ॲक्सल, बेअरिंग, टायर आणि ब्रेक तेच राहतात. माझ्या मागच्या ॲक्सलवर हौद्यातले सामान धरून मर्यादेच्या आत ७० किलो शिल्लक उरतात. हौद्यात एखादी जादा पेटी चढवायची वेळ आली की मी हा आकडा आठवतो, आणि ती पेटी ट्रेलरमध्ये, त्याच्या ॲक्सलच्या बरोबर वर ठेवतो.