मागं ट्रॉली, आत सातजण

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत माझं फॅब्रिकेशनचं शेड आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, पाण्याचे टँकर, जनरेटरच्या दोनचाकी गाड्या असलं काम चालतं. हल्ली येणारा माणूस ट्रॉलीचा भाव विचारायच्या आधी दुसराच प्रश्न टाकतो. "काका, सात सीटर गाडी घ्यायची आहे. घरच्यांना ऐसपैस झाली पाहिजे आणि वेळ पडली तर मागं ट्रॉलीबी ओढली पाहिजे. कुठली घेऊ सांगा की." नावंही ठरलेली असतात : स्कॉर्पिओ-एन, एक्सयूव्ही ७००, सफारी, फॉर्च्युनर. त्यात कुणीतरी इनोव्हा क्रिस्टा घुसवतंच. ती एसयूव्ही नाही, पण आपल्याकडे तिला तो मान आहे, त्यामुळे तिलाही धरू. प्रत्येकाला उभ्या उभ्या उत्तर देण्यापेक्षा, तुम्ही विचारलंत म्हणून, एकदा सविस्तर लिहितो.

विचारणारा बहुतेक वेळा मोबाइल पुढं करतो आणि टॉर्कचा, म्हणजे इंजिनाच्या फिरवायच्या जोराचा, आकडा दाखवतो. डिझेल ऑटोमॅटिकचं बघितलं तर फॉर्च्युनर ५०० न्यूटन मीटर, एक्सयूव्ही ४५०, स्कॉर्पिओ-एन ४००, सफारी ३५०. क्रिस्टा मॅन्युअलच, ३४३. या हिशेबानं एक्सयूव्ही स्कॉर्पिओपेक्षा जास्त ओढायला हवी. आता ऑस्ट्रेलियात बघा. तिथं ट्रेलर ओढणं रोजचं आहे, म्हणून कंपनीला आकडा छापावाच लागतो. तिथं हीच महिंद्रा स्कॉर्पिओला २,५०० किलोचा ब्रेकवाला ट्रेलर मान्य करते आणि एक्सयूव्हीला १,५०० किलोचा. तिथली एक्सयूव्ही पेट्रोल आहे हे मान्य, पण हजार किलोचा फरक एकट्या इंजिनाचा नसतो. फॉर्च्युनरला तिथं ३,१०० किलो आहेत.

फरक गाडीच्या खाली आहे. स्कॉर्पिओ-एन, फॉर्च्युनर, क्रिस्टा यांना खाली वेगळी चॅसी आहे, शिडीसारखी. हुकाची ओढ त्या लोखंडावर येते. एक्सयूव्ही आणि सफारी मोनोकॉक, म्हणजे बॉडी हीच चॅसी. लगेच "मोनोकॉक ओढतच नाही" असा निकाल देऊ नका. अमेरिकेत निसान पाथफाइंडर मोनोकॉक असून ६,००० पौंड, म्हणजे २,७०० किलोच्या पुढं ओढायला पास आहे. टोयोटा हायलँडर, किआ टेल्युराइड या तिथल्या घरगुती गाड्या ५,००० पौंड ओढणाऱ्या. कंपनीनं ते काम धरून हुकाची बैठक, रेडिएटर, गिअरबॉक्सच्या तेलाचा कूलर असं सगळं आखलं, तर मोनोकॉकही ओढते.

तिथं हा आकडा ठरवायची एसएई जे २८०७ नावाची पद्धत आहे. ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या चढावर, साधारण १८ किलोमीटर, ३८ अंशांच्या उन्हात, एसी पूर्ण सोडून, ट्रेलर मागं लावून गाडी चढवतात. वेग ताशी ६४ किलोमीटरच्या खाली जाऊन चालत नाही. सोलापूरकरांना ३८ अंशांचं कौतुक नाही, मे महिन्यात आपल्याकडे ते सकाळी अकरालाच होतात. पण १८ किलोमीटर सलग चढ आणि एसी चालू, ही परीक्षा कडक आहे. आपला तुळजापूरचा घाट त्यापुढं लहान.

आपल्याकडे शोरूमच्या कागदावर असा आकडा सहसा नसतोच. उलट पुष्कळ गाड्यांच्या माहितीपुस्तिकेत ट्रेलर ओढू नका असं सरळ लिहिलेलं असतं. ते पुस्तक ग्लोव्ह बॉक्समध्ये प्लास्टिकच्या पिशवीसकट पडून असतं. ऑस्ट्रेलियाचा आकडा तिथल्या गाडीचा, तिथल्या हुकाचा आहे. इथं तो गाड्या एकमेकींशी ताडून बघण्यापुरता वापरावा.

मला खरं सांगायचंय ते पुढचं आहे. "सातजण आणि ट्रॉली" यातला 'आणि' महाग पडतो, कारण दोघांचंही ओझं मागच्या एकाच एक्सलवर येतं.

ट्रॉली नीट चालायची तर तिची दांडी हुकावर थोडी दाबून बसावी लागते. दोनचाकी ट्रॉलीला अंदाज एकूण वजनाच्या दहा टक्के. म्हणजे हजार किलोची भरलेली ट्रॉली हुकावर १०० किलो टेकते. पण हुक मागच्या चाकांच्या बरोबर वर नसतो. तो त्यांच्या मागं सव्वा मीटरभर असतो, आणि या सगळ्या गाड्यांच्या पुढच्या-मागच्या चाकांत पावणेतीन मीटरच्या आसपास अंतर आहे. तराजूचा नियम लावा : मागच्या चाकांवर १०० ऐवजी जवळजवळ १४५ किलो पडतात, आणि पुढची चाकं ४५ किलोंनी हलकी होतात. रात्री हेडलाइट आभाळाकडे बघतात, समोरचा डिपर मारून वैतागतो. पुढची चाकं ओढणारी गाडी असेल, म्हणजे सफारी किंवा साधी एक्सयूव्ही, तर ज्या चाकांनी ओढायचं तीच हलकी झाली. पावसानंतर काळ्या रानातून बाहेर निघताना ती जागेवर गरागरा फिरतात. स्कॉर्पिओ, क्रिस्टा, फॉर्च्युनर मागच्या चाकांनी ढकलतात, त्यांना उलट हा भार थोडा कामाला येतो.

आता माणसं बसवा. समजा गाडीला ५५० किलो वाहायची मुभा आहे. ६५ किलोची सात माणसं म्हणजे ४५५. उरले ९५. हुकाची लोखंडी बैठकच २५-३० किलो खाते, वर दांडीचे १००. बॅगा अजून घराच्या ओट्यावरच आहेत आणि हिशेब तुटला. शिवाय तिसऱ्या रांगेतली माणसं मागच्या एक्सलच्या डोक्यावरच बसतात, त्यामुळे एकूण वजन बसलं तरी मागचा एक्सल आधी ओरडतो. म्हणून मी सांगतो, ट्रॉली लावायच्या दिवशी तिसरी रांग दुमडा आणि चौघंच जा.

मग तिसरी रांग दुमडते कशी, हे टॉर्कपेक्षा महत्त्वाचं ठरतं. एक्सयूव्हीची अर्धी अर्धी वेगळी दुमडते, सपाट होते. रोजच्या वापराला मला ती सगळ्यांत सोयीची वाटते. सफारीत तिसरी रांग उभी असताना मागं दोन पिशव्यांपुरती जागा उरते, पण रांग पाडली की भरपूर. बसायला सफारीची तिसरी रांग चांगली आहे. स्कॉर्पिओ-एनची तिसरी रांग मात्र मला पटलेली नाही. एकसंध बाक आहे, पुढं उलथून उभा राहतो, सपाट होत नाही, आणि उघडा असला तर मागं जागाच नाही. ओढायला यातली बरी गाडी आणि सामानाला अडचणीची, असा तिचा मामला आहे. क्रिस्टा आणि फॉर्च्युनरमध्ये मागच्या सीटा बाजूला वर टांगल्या जातात. मधली जागा मिळते, पण रुंदी जाते.

दांडीच्या वजनाचं लोक हसण्यावारी नेतात. मोहोळकडचे एक केटरर जनरेटरची ट्रॉली घेऊन आले होते. हायवेला शेपूट हलतंय अशी तक्रार. आम्ही धान्याचा जुना प्लॅटफॉर्म काटा दांडीखाली घेतला, वर पाइपचा तुकडा उभा करून हुकाच्या गोळ्याच्या, म्हणजे बॉलच्या, उंचीला दांडी टेकवली. ट्रॉली भरून सातशे किलोंच्या घरात आणि काट्यावर वीससुद्धा नाहीत. उतरवायला सोपं म्हणून जनरेटर पार मागच्या फळीला बांधलेला. तो चाकांच्या थोडा पुढं सरकवला, भांड्यांची खोकी मागं नेली, काटा सत्तरच्या आसपास आला. त्यांच्या पोरानं विचारलं, "एवढ्यानं काय फरक पडतोय ओ?" पडतो. दांडी हलकी असली की पुण्याच्या रोडवर बाजूनं कंटेनर गेला की ट्रॉली डावी-उजवी मारायला लागते आणि गाडीलाही सोबत हलवते. तेव्हा जोरात ब्रेक मारू नये आणि वेग वाढवून सरळ करायलाही जाऊ नये. ॲक्सिलरेटर सोडून द्यावा, स्टिअरिंग धरून ठेवावं.

ब्रेकचं तर आपल्याकडे बोलायलाच नको. ऑस्ट्रेलियात ७५० किलोंच्या वरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे आहेत, दोन हजारांच्या वर सगळ्या चाकांना. आपल्या दोनचाकी ट्रॉल्यांना ब्रेक लावा म्हटलं तर गिऱ्हाईक भाव पाडून मागतं. मी ७५०च्या वर ओव्हररन ब्रेकशिवाय बनवून देत नाही. गाडी थांबायला लागली की ट्रॉली पुढं रेटते, त्या रेट्यानंच तिचे ब्रेक दाबले जातात. साधी यंत्रणा आहे. तुळजापूरहून उतरताना ब्रेक नसलेली हजार किलोची ट्रॉली मागं असली की गाडीचे ब्रेक तापून वास सुटतो. खालच्या गिअरमध्ये उतरा.

गिअरबॉक्समध्ये माझं मत टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिकच्या बाजूनं आहे, म्हणजे ज्यात क्लच प्लेटऐवजी तेलातून जोर पुढं जातो. स्कॉर्पिओ-एन, एक्सयूव्ही, सफारी, फॉर्च्युनर, चारींत तो मिळतो. मॅन्युअलमध्ये भरलेली ट्रॉली चढावर उचलताना आणि पेठेतल्या बोळात रिव्हर्स घालताना क्लच प्लेट जळते. रिव्हर्सला आणखी एक : मागचे सेन्सर ट्रॉलीलाच भिंत समजून सारखे ओरडतात. सवय करा.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेही मोटार वाहनच आहे, म्हणून त्याची आरटीओत वेगळी नोंदणी आणि स्वतःचा नंबर लागतो. गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करायला कलम ५२ आडवं येतं, सुप्रीम कोर्टानंही जानेवारी २०१९ मध्ये तेच बजावलं. अपघातानंतर विमेवाले हीच फट शोधतात. त्यामुळे मी गाड्यांना हुक वेल्ड करून देत नाही, कितीही ओळखीचा असो. आणि बंपरमध्ये फिरवून बसवायचा जो गोल डोळा गाडीसोबत मिळतो, तो बंद पडलेली गाडी ओढून न्यायला आहे. त्याला ट्रॉली लटकवलेली मी बघितली आहे, म्हणून लिहावं लागतंय.

आता तुमची गरज. वर्षातून दोनदा गावाकडून ज्वारीची पोती, ड्रिपच्या पाइपची बंडलं किंवा लग्नाचं सामान आणायचं असेल तर छोटा हत्ती भाड्यानं घ्या. सात सीटर गाडी घरच्यांसाठी घ्या आणि हुकाचा विषय सोडा. मग एक्सयूव्ही किंवा सफारी, चालवून बघून जी आवडेल ती. घरी अशी माणसं असतील ज्यांना उंच पायरी चढवत नाही, तर क्रिस्टा. ज्यांना खरंच नेहमी ओढायचं आहे, म्हणजे केटरिंगवाले, मंडपवाले, अकलूजच्या बाजारात घोडे नेणारे, त्यांचं गणित निराळं. दोन घोडे आणि त्यांची पेटी दीड टनाच्या खाली बसत नाही. तिथं फॉर्च्युनर फोर बाय फोर, आणि बजेट तेवढं नसेल तर स्कॉर्पिओ-एन डिझेल ऑटोमॅटिक, शक्यतो फोर बाय फोर. त्याखाली मी कुणाला सुचवत नाही.

घेण्याआधी कंपनीला ई-मेल करा : या मॉडेलला ट्रेलर चालतो का, किती किलोचा, हुकावर किती भार. शोरूममधल्या पोराला तोंडी विचारू नका, तो "आरामात ओढंल" म्हणतो, त्याला महिनाअखेरचं टार्गेट असतं. लेखी उत्तर आलं, आरटीओनं हुकाला हरकत घेतली नाही, तर कागद घेऊन गाडीसकट शेडवर या. जमिनीपासून बॉलची उंची मोजून त्याच मापानं दांडी बनवू.