पाराती, ब्राझील: दोन रात्री तरी काढाच

रिओहून बसने साडेचार तासांच्या आसपास लागतात, डावीकडची खिडकी घ्या म्हणजे समुद्र दिसत राहतो, आणि तिकीट मागताना 'पाराची' म्हणा, तिकडे तसंच म्हणतात.

जुन्या गावात गाड्यांना बंदी आहे आणि रस्त्यातले दगड इतके वरखाली की चाकांची बॅग ओढताच येत नाही, सॅकच न्या. ह्या फरसबंदीला 'पे जि मोलेकी' म्हणतात, आणि शेंगदाण्याच्या चिक्कीलाही तिकडे हेच नाव! अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला खाडीचं पाणी थेट गल्ल्यांत शिरतं, तेव्हा गेलात तर रबरी चपला हव्यातच.

अठराव्या शतकात मिनास जेराइसच्या खाणींतलं सोनं खेचरांवर लादून डोंगर उतरून इथे यायचं आणि पुढे जहाजाने रिओला. मग रिओहून खाणींकडे थेट रस्ता झाला आणि हा धंदा बसला. मग उसाची दारू, काशासा, ती इतकी गाजली की 'पाराती' म्हणजेच दारू असं लोक म्हणायला लागले. एकोणिसाव्या शतकात कॉफी आली पण रेल्वेने तीही पळवली, 1888 मध्ये गुलामगिरी संपली, ज्यांच्या फुकटच्या मेहनतीवर सगळं चाललं होतं तेच गेले आणि गाव ओस पडलं. हायवे आला थेट 1970 च्या दशकात. मधल्या काळात घरं पाडून नवी बांधायला पैसाच नव्हता म्हणून ती जुनी घरं तशीच राहिली, आणि 2019 ला युनेस्कोच्या यादीत गेली. आज गाव मुख्यतः पर्यटनावर चालतं.

मला सगळ्यात लागलं ते चर्चचं. सांता रिता मुक्त झालेल्या मिश्रवंशीयांचं, रोझारिओ गुलामांचं, मोठ्या घरच्या बायकांचं आणखी वेगळं. एवढंसं गाव, प्रार्थनाही वेगवेगळ्या छपरांखाली. रोझारिओत मी बराच वेळ बसून होतो.

खेचरांवरून सोनं यायचं ती जुनी दगडी वाट गाइड घेऊनच चाला, पावसात शेवाळाने भयंकर निसरडी होते, त्यामुळे मे ते ऑगस्ट बरा. खाडीत फिरवणाऱ्या बोटीचं तिकीट धक्क्यावर जाऊन, किती ठिकाणी थांबणार ते विचारूनच काढा. जेवायला वजनावर पैसे घेणारी हॉटेलं शोधा, शाकाहाऱ्यांना भात, राजम्यासारखी उसळ, कसावा (एक कंद) सहज मिळतो. जवळच्या त्रिन्दादे गावाच्या बाजूला हायवेलगत कांपिन्यो दा इंदिपेंदेंसिया ही गुलामांच्या वंशजांची वस्ती आहे, 1999 ला जमीन त्यांच्या नावावर झाली, तिथलं रेस्टॉरंट ते स्वतः चालवतात, एक जेवण तिथे घ्याच.

आणि पीतज्वराची लस निघण्याच्या किमान 10 दिवस आधी घ्या, लस घेतल्याचं पिवळं कार्ड नसेल तर परत येताना भारतात विमानतळावरूनच क्वारंटाइनला पाठवू शकतात.