शिबिरातला तिसरा दिवस

राष्ट्रीय सेवा योजनेची कार्यक्रम अधिकारी म्हणून माझं हे दुसरं निवासी शिबिर. सात दिवस, ५० मुलंमुली, मुक्काम गावातल्या झेडपीच्या शाळेत आणि काम ओढ्यावर वनराई बंधारा, म्हणजे मातीच्या पोत्यांचा बांध, घालायचं.

पहिल्या वर्षी तिसऱ्या दिवशी भांडी घासण्यावरून दोन गटांत जुंपली, तेव्हा मी सगळ्यांना ग्राउंडवर उभं करून झापलं होतं. पुढचे चार दिवस कुणाचा आवाज निघाला नाही. मला वाटलं, गट जमला. नंतर मात्र त्यातली बरीचशी मुलं योजनेकडे फिरकलीच नाहीत, आणि ते मला फार लागलं.

मग मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांची मांडणी वाचली. लहान गटांवरचे तोवरचे अभ्यास तपासून त्यांनी १९६५ साली गटाच्या वाढीचे चार टप्पे सांगितले. मी ते माझ्या भाषेत असे लिहून ठेवलेत : जमणं, खटके उडणं, घडी बसणं, कामाला लागणं. वाचताना पहिल्या शिबिरातली ती शांतता आठवली. ती घडी बसलेली नव्हती. मुलं मला घाबरली होती.

म्हणून यंदा ठरवलं, भांडण दाबायचं नाही. पण तिसऱ्या सकाळी जे झालं त्याची तयारी नव्हती. तपासणीच्या पाच मिनिटं आधी एका मुलाने दुसऱ्या गटाच्या घड्या घातलेल्या वळकट्यांवर बादलीभर पाणी ओतलं. का, तर मी फळ्यावर रोज गटवार गुण लिहीत होते. स्वच्छतेला दहा, प्रभातफेरीला दहा. दोन्ही गट अर्ध्या गुणाने मागेपुढे होते. ओलं पांघरूण हातात धरून एक मुलगी म्हणाली, "मॅडम, हे भांडण तुमच्या फळ्याने लावलंय."

तिचं खरं होतं. सामाजिक मानसशास्त्रज्ञ मुझफर शेरीफ यांनी प्रयोग म्हणून १९५४ मध्ये अमेरिकेत ओक्लाहोमातल्या एका शिबिरात ११-१२ वर्षांच्या २२ मुलांचे दोन गट करून त्यांच्यात स्पर्धा लावली होती. वैर इतकं वाढलं की एकत्र जेवायला बसवलं तर मुलांनी एकमेकांवर अन्न फेकलं. पाण्याची टाकी बंद पडणं, ट्रक न निघणं अशी सगळ्यांची मिळून अडचण झाली, तेव्हा कुठे ते निवळलं. मुलांना न सांगता असे प्रयोग करणं मला मुळीच पटत नाही. पण नकळत मीही तेच केलं होतं.

त्या दिवशी श्रमदान दुपारनंतर ठेवलं. वर्गात सगळे गोल बसलो. दोन तास बोलणं झालं, रडणंही झालं. मी मध्ये पडले नाही, फक्त एकाच्या बोलण्यात दुसऱ्याला शिरू दिलं नाही. शेवटी फळा मुलांनीच पुसला. रात्री जेवायला मात्र गट वेगवेगळेच बसले.

फरक पडला तो ओढ्यावर. सिमेंटची रिकामी पोती मातीने भरायची, दाभणाने सुतळी ओवून तोंड शिवायचं आणि विटांसारखी सांधे चुकवून रचायची. मातीच्या ढिगापासून पात्रापर्यंत माणसांची साखळी लावावी लागते. त्यात कुणी रुसून हात आखडला, तर भरलेलं पोतं शेजारच्याच्या पोटावर येतं. चौथ्या दिवशी पाणी ओतणारा तो मुलगा पोत्याचं तोंड आवळून धरत होता आणि ओल्या पांघरुणाची मालकीण दाभण चालवत होती. "बोट सांभाळ," एवढंच ती म्हणाली.

१९७७ मध्ये टकमन यांनी मेरी अ‍ॅन जेन्सन यांच्यासोबत पाचवा टप्पा जोडला : पांगणं. आमच्याकडे त्याची जागा पाहुण्यांची भाषणं घेतात. यंदा भाषणं दुपारीच उरकली आणि संध्याकाळ मुलांना दिली. सात दिवसांत फारसा न बोललेला एक मुलगा म्हणाला, "मॅडम, पाणी किती दिवस टिकेल?" शेजारी टेकलेल्या गावातल्या आजोबांना विचारलं. ते म्हणाले, "माघापर्यंत तर राहील."

माघात कोण कोण येणार, याची यादी तिथेच सुरू झाली.