कमी पैसेवारीचं साल

रविवार, रात्र. मोर्शी तालुका.

२०१५ च्या वाईनपेक्षा २०१४ ची, म्हणजे पंधरापेक्षा चौदा, सरस निघाली. हे आधीच लिहून ठेवतो, नाहीतर पुतण्या आला की लेबल बघून माझंही मत बदलेल.

दिवाळीत तो तुलूजहून आला तेव्हा दोन बाटल्या ठेवून गेला. दोन्ही फ्रान्सच्या बोर्दो भागातल्या, सेंतेस्तेफ गावच्या, एकाच मळ्याच्या. एक २०१४ ची, दुसरी २०१५ ची. "काका, पंधरा नामांकित साल आहे, ती नंतर उघडा," असं बजावून गेला. मी दोन्ही सोबतच उघडल्या. उन्हाळ्यापर्यंत ठेवून करायचं काय? मेमधल्या आमच्या ४५ अंशांत रेड वाईन बाटलीतच शिजून जाते. सध्या रात्री घर आपोआपच तिला मानवेल इतकं गार असतं, फ्रीजची गरज नाही. (नदीपलीकडे आष्टीला राहत असतो तर हा प्रश्नच नव्हता. तो वर्धा जिल्हा, तिथं दारूबंदी.)

सौ.ने मटण मिठावर भाजलं, तिखट जवळजवळ नाहीच. सावजी रस्सा केला असता तर तोंडाची आगच झाली असती. तिखटाबरोबर ही वाईन जास्त झोंबते, चरबीच्या मटणाबरोबर मात्र तिचा तुरटपणा विरतो. शेजारचे भाऊ घोटभर चाखून म्हणाले, "काहून जी, यात साखर टाकाची राहून गेली का?" मग दुसरा घोट त्यांनी मटणाच्या तुकड्यासोबत घेतला आणि तिसऱ्यासाठी ग्लास आपणच पुढं केला.

पंधरा भरदार आहे, पिकलेल्या फळाची, पहिल्या घोटाला छाप पाडणारी. पण दोन घोटांत सांगून मोकळी होते. चौदा सुरुवातीला अंग चोरून होती. तासाभरानं खुलली: तंबाखूच्या सुक्या पानाचा वास, जिभेवर ताजा आंबटपणा, तुरट पण खरबरीत नाही. जेवण संपेपर्यंत तिचाच ग्लास पुन्हा पुन्हा भरला गेला.

असं का, याचा विचार शेतकऱ्याच्या डोक्यात येणारच. २०१३ तिकडे हलकंच गेलेलं. २०१४ लाही जुलै-ऑगस्ट गार आणि ओला गेला, लोकांनी आशा सोडली होती. मग सप्टेंबरला ऊन पडलं ते ऑक्टोबरपर्यंत टिकलं. मेर्लो ही द्राक्षाची जात लवकर पिकते, तिला त्याचा फायदा थोडाच झाला. कॅबरने सोव्हिन्यों उशिरा पिकते, तिनं तो सगळा घेतला. २०१५ ला उन्हाळा कडक, सगळीकडे वाहवा. पण सप्टेंबरच्या मध्यात पाऊस आला, तो मेदॉक या बोर्दोतल्या पट्ट्याच्या उत्तरेला जास्त बसला, आणि सेंतेस्तेफ नेमकं उत्तरेला आहे.

मला यात आपली पैसेवारी, म्हणजे गावाचं पीक किती आलं याचा सरकारी आकडा, दिसली. ३० सप्टेंबरला नजरअंदाज पैसेवारी लागते तेव्हा सोयाबीन बहुतेक शेतातच असतं, तूर तर फुलावरही आलेली नसते. ३१ डिसेंबरला अंतिम लागते, तरी तूर घरात यायची राहिलेलीच. आणि आकडा सगळ्या गावाला एकच, मग तुमचं वावर नाल्याकाठचं असो की बरडावरचं. बोर्दोतही तोडणीनंतरच्या वसंतात वाईन अजून पिंपात असते, तेव्हाच चाखणारे येतात आणि सालाला गुण देऊन जातात. एकदा लागलेला गुण मग सहज पुसला जात नाही.

अशी दबलेली सालं बरीच आहेत. २००० च्या गाजावाजात २००१ झाकलं गेलं, २००५ पुढं २००४. २००८ ची वाईन विक्रीला निघाली ती जगभरच्या मंदीत, आणि पाठोपाठ २००९, २०१० ही दोन गाजलेली सालं. नाशिकच्या वाईनला हा खेळ एवढा चालत नाही. तिथं द्राक्षं जानेवारी ते मार्चमध्ये तुटतात, पावसाळा केव्हाच मागं पडलेला असतो. अवकाळी आला तर गोष्ट वेगळी.

पिणाऱ्याची चैन झाली हे खरं. पुतण्या सांगत होता, चौदा त्याला पंधराच्या मानानं बरीच स्वस्त पडली. पण ते ऐकून मला आधी तो मळेवाला आठवला, चांगला माल काढूनही सालाच्या नावापायी कमी भाव घेतलेला. भाऊंना म्हटलं तर ते म्हणाले, "संत्र्याले तरी काय होते? आंबिया बहाराले व्यापारी बागेत न येताच भाव सांगते." मग अर्धा तास बोलणं संत्र्यावरच गेलं, ते इथं लिहीत नाही.

झोपायच्या आधी पुतण्याला निरोप टाकला. २०१७ ला एप्रिलअखेर तिकडे थंडीनं कोवळे कोंब जळाले, सालाचं नाव खराब झालं. पण जिरोंद खाडीच्या काठचे मळे पाण्याच्या उबेनं बरेचसे वाचले, सेंतेस्तेफही त्यातच. तेव्हा पुढच्या खेपेला नावाजलेल्या २०१६ च्या फंदात पडू नको, याच मळ्याची सतरा मिळाली तर आण.