‘असल्यास’चा रकाना

गेली बावीस वर्षं मी दाखल्यांची भाषांतरं करते. जन्माचे, लग्नाचे, मृत्यूचे. गेल्या महिन्यात एका तरुणाने स्वतःचा अर्ज आणि वडिलांचा जन्मदाखला पाठवला. अर्जातल्या ‘अन्य देशाचे नागरिकत्व (असल्यास)’ या रकान्यात त्याने ठसठशीत ‘नाही’ लिहिलं होतं. दाखला वाचताना मी थबकले. वडील जिथे जन्मले त्या देशात नागरिकत्व वंशाने चालत येतं, मागायला जावं लागत नाही. मी फोन केला.

“अहो, मी तिथे कधी पाऊलसुद्धा टाकलेलं नाही!”

“पाऊल टाकायची अटच नाहीये,” मी म्हटलं.

फोन ठेवला आणि बार्नाबी जॉइस आठवले. 2017मध्ये ते ऑस्ट्रेलियाचे उपपंतप्रधान होते. वडील न्यूझीलंडचे, त्यामुळे वंशाने तेही न्यूझीलंडचे नागरिक, आणि हे त्यांच्या गावीही नव्हतं. तिथल्या राज्यघटनेचं 44वं कलम दुसऱ्या देशाच्या नागरिकाला संसदेत बसू देत नाही. साहजिकच पंतप्रधानपदाचा रस्ताही तिथेच अडतो. त्याच वर्षी लारिसा वॉटर्स यांना सिनेटचा राजीनामा द्यावा लागला. कॅनडात जन्म, आणि तो देश सोडला तेव्हा वय अकरा महिने! ‘मला माहीतच नव्हतं’ ही सबब न्यायालयाने ऐकून घेतली नाही. जॉइस यांनी न्यूझीलंडचं नागरिकत्व सोडलं, पोटनिवडणूक लढवली आणि डिसेंबरात ते परत संसदेत आले. माणूस तोच, मतदारसंघ तोच, फक्त मधे एक कागद.

मला हा नियम तरीही मान्य आहे. कागदाची चेष्टा मी करणार नाही, त्याच्यावरच तर माझं घर चालतं. ज्याच्या सहीने सैन्य हलतं, त्याने दुसऱ्या राष्ट्राशी बांधलेली गाठ आधी सोडावी, ही मागणी अवाजवी नाही. मेख एवढीच की सोडलं म्हणून ते सुटतंच असं नाही. अर्जेंटिनात जन्मलेल्याला तिथलं नागरिकत्व टाकताच येत नाही. अशा माणसाने करायचं काय? ऑस्ट्रेलियाच्याच न्यायालयाने 1992मध्ये, साइक्स विरुद्ध क्लिअरी खटल्यात, याला शहाणं उत्तर दिलं: सोडण्यासाठी जे जे करणं रास्त आहे ते केलेलं असलं पाहिजे.

जन्माची अट मात्र मला कधीच पटलेली नाही. अमेरिकेची राज्यघटना राष्ट्राध्यक्ष जन्मतः नागरिक हवा म्हणते, पण दुहेरी नागरिकत्वाबद्दल अवाक्षर काढत नाही. पुढे राष्ट्राध्यक्षपदाच्या शर्यतीत उतरलेले टेड क्रूझ कॅनडातल्या कॅलगरीत जन्मले, पण आईमुळे जन्मतः अमेरिकन, त्यांनी कॅनडाचं नागरिकत्व 2014मध्ये सोडलं ते राजकारण ओळखून. उलट अर्नोल्ड श्वार्झनेगर कॅलिफोर्नियाचे दोनदा गव्हर्नर झाले, पण ऑस्ट्रियात आणि ऑस्ट्रियन आईबापांच्या पोटी जन्मले, म्हणून व्हाइट हाउसचं दार कायमचं बंद. नागरिकत्व सोडता येतं हो, जन्म कसा सोडणार? गंमत म्हणजे घटना लिहिणाऱ्यांनी स्वतःसाठी पळवाट ठेवली होती: घटना स्वीकारली गेली तेव्हा जे नागरिक होते, त्यांना सूट. नाहीतर ब्रिटिश राजाचा प्रजाजन म्हणून जन्मलेले वॉशिंग्टन कुठले राष्ट्राध्यक्ष होणार!

आणि कधी कधी तर अट देशासाठी आहे की समोरच्या माणसासाठी, हेच कळेनासं होतं. म्यानमारच्या 2008च्या घटनेतलं 59(च) कलम उमेदवाराच्या जोडीदाराचं आणि मुलांचंही नागरिकत्व तपासतं. आँग सान सू ची यांचे मुलगे ब्रिटिश. 2016मध्ये सू ची यांचा पक्ष सत्तेवर आला, पण त्यांना राष्ट्राध्यक्ष होता आलं नाही, मग त्यांच्यासाठी ‘स्टेट कौन्सिलर’ हे नवंच पद काढलं गेलं. श्रीलंकेने 2015मध्ये दुहेरी नागरिकांना संसद आणि राष्ट्राध्यक्षपद बंद केलं. गोटाबाया राजपक्षे यांनी 2019मध्ये अमेरिकन नागरिकत्व सोडलं आणि निवडणूक जिंकली. 2020मध्ये घटना दुरुस्त करून बंदी उठवली, पुढच्या वर्षी त्यांचे दुहेरी नागरिक असलेले बंधू बासिल संसदेत येऊन अर्थमंत्री झाले. 2022मध्ये बंदी परत लागू. सात वर्षांत तीनदा! माझ्याकडे एका दाखल्यात इतकी खाडाखोड आली असती, तर मी तो परत पाठवला असता.

ब्रिटनमध्ये असली अट नाही. बोरिस जॉन्सन न्यूयॉर्कमध्ये जन्मले, 2016पर्यंत अमेरिकन नागरिकही होते आणि त्याच काळात लंडनचे महापौर, खासदार झाले. ब्रिटनचं त्यामुळे काही अडलं नाही. (अमेरिकेच्या करखात्याने मात्र त्यांना आपला माणूस म्हणून बिल धाडलं होतं.)

काल त्या तरुणाचा पुन्हा फोन. त्याला कुठलंच पद नकोय, साधी नोकरी हवी आहे. “मग त्या रकान्यात आता काय लिहू?”

मी म्हटलं, “ते भाषांतरात येत नाही. वकिलाला विचारा. पण ‘नाही’ आधी खोडा.”